रंगरूटाची भरती

"जेवलास का रं?" आबांनी विचारलं, आणि मी बाथरूममधून, एका पायाला साबण लावलेल्या अवस्थेत, "न्हाई अजून, आत्ताच आलोय," असं उत्तर दिलं. मग आबा म्हणाले, "तुला न्हाई." झालं ते एवढंच. यात कुणी कुणाला लागेल असं बोललं नाही, दार आपटलं नाही. चुकून आपल्याकडे लागलेल्या फोनवर माणूस जसं सांगतो तसं आबांनी मला सांगितलं आणि ते पुन्हा कुत्र्याकडे वळले. मी दुसरा पाय धुतला. मग पहिला पुन्हा धुतला, कारण बाहेर जायचं म्हणजे चेहऱ्यावर काहीतरी घेऊन जावं लागणार होतं आणि काय घ्यावं ते ठरत नव्हतं. सव्वीस वर्षांचा माणूस, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरीला, गळ्यात फोटोवालं ओळखपत्र, आणि त्यानं कुत्र्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तेही मनापासून. "आत्ताच आलोय" म्हणताना माझा आवाज जरा मऊ झाला होता. तो मला ऐकू आला होता, आणि खरा त्रास त्याचाच होता.

आबा माझे वडील, आणि त्यांचे दोन आवाज मला माहीत होते. एक फोनवरचा, ज्यात ते पलीकडचा माणूस नदीच्या पल्याड उभा आहे असं समजून बोलतात. आणि एक घरातला, ज्यात ते बोलत नाहीत. हा तिसरा कुठून आला? चोवीस वर्षं पलटणीत काढली, हवालदार म्हणून पेन्शनीत आले, तेव्हा ट्रंकेतून काय काय निघालं त्याला मी साक्षीदार आहे. कांबळं, मच्छरदाणी, तीन टॉर्च, कँटीनचे साबण, कुणाचा तरी एक बूट. हा आवाज त्यात नव्हता. म्हणजे तो अंगावरच होता सगळा वेळ, आणि वापरायची वेळ आली नव्हती. चार महिन्यांपूर्वी आली. आबा पहाटे संगमाच्या घाटावर फिरायला जातात, म्हणजे चालत नाहीत, कूच करतात. तिथून एक तांबूस कुत्रा त्यांच्या मागं लागला. एक कान उभा, एक पडलेला, शेपूट बऱ्यापैकी. आबा थांबले की थांबायचा, निघाले की निघायचा. आमच्या बिल्डिंगच्या तीन मजल्यांचे जिने तो त्यांच्या डाव्या बाजूनं चढून आला. आईनं दार उघडलं तर आबा म्हणाले, "रंगरूट हाय. नवा आलाय." फौजेत नव्यानं भरती झालेल्या पोराला रंगरूट म्हणतात. आईनं त्याला कालची भाकरी दुधात कुस्करून घातली, आणि मी सोफ्यावर बसून हे बघत होतो तर मला चहा मिळायला त्या दिवशी पाऊण तास लागला. मी घड्याळ लावून बघितलं होतं.

कुत्र्याला हुकूम हिंदीत आणि लाड मराठीत, अशी आबांनी वाटणी केली होती. मला त्यांनी दोन्ही भाषांत फारसं काही सांगितल्याचं आठवत नाही. ते वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचे. पहिल्या दिवशी मला समोर उभं करून विचारायचे, "कितवीत हायस?" मी सांगायचो. ते मान हलवायचे, म्हणजे नोंद झाली. मग ट्रंक उघडून स्वेटर काढायचे. दर वर्षी स्वेटर. आणि दर वर्षी तो घट्ट, कारण त्यांनी तो मागच्या सुट्टीत बघितलेल्या पोरासाठी घेतलेला असायचा. मी तो घालायचो. काखेत काचायचा, मनगटं उघडी पडायची, आणि कराडात काय स्वेटरची थंडी पडते का, पण दोन महिने मी त्या मागच्या वर्षीच्या पोरात स्वतःला कोंबून हिंडायचो, की आबांना वाटावं बरोबर माप आणलं. त्यांना वाटायचंही. आता याच माणसानं कुत्र्याच्या गळ्याचं माप सुतळीनं घेतलं, सुतळीला गाठ मारली, ती खिशात घालून बाजारात गेला, आणि महिन्याभरानं पुन्हा माप घेतलं, कारण "वाढतंय की जनावर". वाढतंय! म्हणजे गोष्टी वाढतात ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचलेली होती.

आता असं बघा, मी काही कुत्र्याचा द्वेष करत नव्हतो. मी त्याच्याकडे फक्त लक्ष देत होतो. उदाहरणार्थ मला माहीत होतं की आबा त्याच्याशी दिवसाला साधारण दोनशे वाक्यं बोलतात. एका रविवारी मी मोजली होती. माझ्या वाट्याला सहा आली, त्यातली दोन "दार लाव" ही होती. मला हेही माहीत होतं की तो झोपेत पाय हलवतो आणि तेव्हा आबा टीव्हीचा आवाज कमी करतात. मग आबा त्याला पळवायला न्यायला लागले. स्टेडियमच्या मागच्या रस्त्यावर, हातात घड्याळ घेऊन. एक दिवस परत आले ते घामेजलेले, हसत. "दम हाय गड्यात," आईला म्हणाले, "येक डाव थांबला न्हाई बग." मी शर्टाची बटणं लावत होतो. एक बटण चुकलं म्हणून सगळी काढून पुन्हा लावली.

कारण मी थांबलो होतो. सोळाशे मीटर, चार फेऱ्या, साडेपाच मिनिटं. वीस वर्षांचा होतो. भरतीच्या मैदानावर पहाटे चारपासून रांगा, छातीवर खडूनं नंबर, आणि कुंपणाच्या बाहेर आयाबापांची गर्दी. आबा त्यांच्यात उभे होते, वर्षभरापूर्वीच पेन्शनीत आलेले, इस्त्रीच्या शर्टात. तिसऱ्या फेरीत माझ्या बरगडीत कळ आली आणि मी खाली बसलो. पडलो नाही, पडलो असतो तर बरं दिसलं असतं. बसलो, पंगतीत बसल्यासारखा. उठून पळालो तेव्हा घड्याळ पुढं गेलं होतं. बाहेर आलो. आबांनी मला रसाच्या गाड्यावर नेलं आणि स्वतः तीन ग्लास रस प्याले, एकामागून एक. मी एक. तीन ग्लास म्हणजे किती निराशा झाली असेल याचा मी नंतर बरीच वर्षं हिशेब करत राहिलो. पुढं करोनात दोन वर्षं भरती निघाली नाही आणि माझं वय निघून गेलं. आता मी ट्रॅक्टर नेणाऱ्या लोकांचे फोटो काढतो. त्यांच्या हातात थर्माकोलची भली मोठी किल्ली द्यायची, बोनेटवर हार, बायकोला जरा पुढं सरकवायचं, "काका, हसा की, तुमचाच हाय ट्रॅक्टर." लोक हसतात. बाप पोराच्या खांद्यावर हात ठेवतात. मी क्लिक करतो.

तर कुत्र्याला घर शोधून द्यायचं मी त्या बाथरूमच्या संध्याकाळी ठरवलं. हे लोकांना फार आवडलं. भटक्या जनावरासाठी कोण एवढं करतं आजकाल? त्याआधी मी सोसायटीच्या तक्रारपेटीत एक निनावी चिठ्ठीही टाकून बघितली होती, की तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याचा रहिवाशांना उपद्रव होतो. सेक्रेटरी नानासो ती घेऊन आमच्याच घरी आले. "लालासाहेब," ते आबांना म्हणाले, "कुनीतरी नालायक मानसानं लिवलंय. तुमी मनाला लावून घिऊ नगा." आणि खिशातून बिस्किटाचा पुडा काढून कुत्र्यापुढं फोडला. मी नालायक या शब्दाला दुजोरा दिला आणि चहा टाकला. मग दुसरा मार्ग. मी कुत्र्याचा फोटो काढला, गळ्यात झेंडूचा हार घालून, आणि शोरूमच्या जाहिरातीचा साचा उघडून त्यात बसवला. हाताला तीच सवय. "एक हाती वापर. चालू कंडिशन. प्रत्यक्ष भेटून खात्री करा." ऊस तोडणीच्या, ठिबकच्या, जुन्या ट्रॉलीच्या अशा सतरा ग्रुपवर टाकलं. तिघांनी किंमत विचारली, एकानं मॉडेल. आई शेजारणीला सांगत होती, "लय माया हाय पोराला. बोलून दावत न्हाई, बापावर गेलाय." मी आतल्या खोलीत बसून हे ऐकलं. बापावर गेलाय हे मला दोन मिनिटं छान वाटलं.

मसूरकडचे एक गिऱ्हाईक होते, वीरधवल म्हणून. त्यांच्या तोडणी झालेल्या रानात जतकडचा एक मेंढपाळ मेंढरं बसवून होता. आमच्याकडे तशी रीतच आहे. दिवाळीनंतर ते लोक घोड्यावर बिऱ्हाड लादून खाली येतात, रानात रात्रीची मेंढरं बसतात, रानाला खत होतं, त्यांना धान्य मिळतं, आणि पावसाच्या तोंडावर परत जत. वीरधवल म्हणाले, "कोंडीबाला कुत्रं पायजेच हाय. त्येचं हुतं ते गेल्या म्हयन्यात वाघानं न्हेलं." बिबट्याला इकडं वाघच म्हणतात, आणि उसात तो आता इतका झालाय की लोक त्याची चौकशी पाहुण्यासारखी करतात. मी म्हणालो, "आणतो रविवारी." जत कराडपासून सव्वाशे किलोमीटर असेल. मी घरी येताना मनातल्या मनात ते अंतर दोनदा गेलो आणि आलो. एकटा.

आबांना सांगताना मी जत सांगितलं, रान सांगितलं, मोकळी हवा, मेंढीचं दूध, तिसऱ्या मजल्यावर साखळीला बांधून ठेवणं हे कसं पाप आहे तेही सांगितलं. वाघाचं सांगितलं नाही. सांगायचं नाही असं ठरवलं नव्हतं. वाक्य तिथवर पोचलं नाही एवढंच. आबांनी सगळं ऐकून घेतलं. आई म्हणाली, "आवं, र्‍हाऊ द्या की. कशाला त्येला रानोमाळ?" आबा कुत्र्याकडे बघत बसले. मला वाटत होतं ते भांडतील. मी भांडणाची तयारी केली होती, मुद्दे काढले होते, त्यात एक स्वेटरचाही होता. पण फौजी माणसाला एकदा बदली आली म्हटलं की तो का विचारत नाही, कुठं विचारतो. "कंदी निगायचं?" आबा म्हणाले. मी म्हणालो, रविवारी. "बरं. पोस्टिंग आलं म्हनायचं." आणि शनिवारी त्यांनी कुत्र्याला आंघोळ घातली, नखं कापली, आणि एका पिशवीत त्याची थाळी, कांबळ्याचा तुकडा आणि जंताच्या गोळ्या भरल्या, गोळ्यांवर तारखा लिहून. मी दारात उभा राहून बघत होतो. माझ्या इंजेक्शनच्या तारखा आईला विचाराव्या लागतात. जाणार म्हणून तर चाललंय हे, असं मी स्वतःला समजावलं. जाणाऱ्याचे लाड होतातच. मग लक्षात आलं, मी कधी कुठं गेलोच नाही.

रविवारी मसूरला निघालो. स्कूटरवर पुढं पाय ठेवायच्या जागेत कुत्रा, मी चालवणारा, मागं आबा. सबंध रस्ता आबांचा हात माझ्या बगलेखालून पुढं आलेला होता, कुत्र्याच्या मानेवर. माझ्या पोटाला तो घासत होता. बघणाऱ्याला वाटलं असेल बापानं पोराला धरलंय. मी गाडी सावकाश चालवली, म्हणजे खड्डे होते म्हणूनही.

कोंडीबा पासष्टीचा, लाल फेट्याचा, चेहरा असा की कुठलीही गोष्ट दोनदा विचारायची गरज पडू नये. त्याची बायको अंबूबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती. आजूबाजूला जाळीच्या कुंपणात कोकरं, एक घोडा, एक खाट, चार कोंबड्या. मी कुत्र्यासाठी घर शोधत होतो आणि सापडलं त्याला घरच नव्हतं. कोंडीबानं आमच्याकडे बघितलं नाही. खाली बसून त्यानं कुत्र्याचे पंजे उलटे करून बघितले, तोंड उघडून दात बघितले, छातीवर दोन बोटं ठेवून थांबला. मग म्हणाला, "शेरातलं हाय. बगू. तुमी तिकडं व्हा, बांधावर." आबा बांधावर जाऊन उभे राहिले, हात पाठीमागं बांधून. इस्त्रीचा शर्ट होता. मला एकदम खडूचा वास आला.

पहिली परीक्षा कोकरांची. कोंडीबानं कुत्र्याला जाळीच्या आत सोडलं. कोकरं उधळली, त्याच्या अंगावर आली, एकानं तर त्याचा पडलेला कान चोखायला घेतला. तो उभा राहिला. "पाठीमागं लागला असता तर न्या म्हनलो असतो," कोंडीबा म्हणाला. दुसरी परीक्षा हाकेची. जतकडचे लोक, निम्मं बोलणं कानडी. "बा इल्ली!" कोंडीबा ओरडला, आणि हिंदी-मराठी जाणणारा आमचा कुत्रा वळून त्याच्याकडे गेला. मी तीन वर्षं इंग्रजी बोलायचा क्लास केला आहे. तिसऱ्या परीक्षेला एक माणूस लागत होता. कोंडीबानं मला नीट खालीवर बघितलं. "ह्यो चालंल," तो म्हणाला. त्यानं माझ्या अंगावर लोकरीचं कांबळं टाकलं आणि सांगितलं, उसाच्या कडेनं वाकून यायचं, मेंढरांकडं, गुपचूप. वाघासारखं. म्हणजे बिबट्या म्हणून माझी निवड झाली. आयुष्यातली पहिलीच निवड, आणि तीही न पळता.

मी वाकून निघालो. कांबळ्याला मेंढीचा आणि धुराचा वास होता, उसाचं पाचट पायाला कापत होतं. पन्नास पावलं. मला वाटत होतं कुत्रा मला ओळखेल. चार महिने आम्ही एका घरात झोपलो होतो. तो शेपूट हलवत येईल, माझं तोंड चाटेल आणि नापास होईल, आणि आबा त्याला घेऊन परत जिना चढतील. आणि मी, हे त्या कांबळ्याखाली कुणी बघत नव्हतं म्हणून सांगतो, मी क्षणभर थांबून विचार केला की यातलं मला नेमकं काय हवंय. तेवढ्यात तो दिसला. कोकरांच्या आणि माझ्या मधोमध, चारी पाय रोवून, मानेवरचे केस उभे. माझ्या डोळ्यांत बघून तो असा भुंकला की घोड्यानं खुंटा उपटला. मी "ए, मी हाय, जयराज!" म्हणालो, तर तो आणखी दोन पावलं पुढं आला. त्यानं ओळखलं नाही असं नाही. त्यानंच मला बरोबर ओळखलं.

"पास हाय गडी," कोंडीबा म्हणाला. अंबूबाईनं कुत्र्यापुढं भाकरीचा चतकोर टाकला. कोंडीबानं खाटेखालून लोखंडी खिळ्यांचा पट्टा काढला, बाहेरून टोकदार, आणि आबांना म्हणाला, "तुमचा काडा. ह्यो घालतो. वाघ नरडं धरतो ना वो. आदलं तसंच न्हेलं, पट्टा न्हवता म्हनून." आबांनी माझ्याकडे बघितलं.

"तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

ते खाली बसले, सुतळीच्या मापानं आणलेला पट्टा सोडला आणि खिळ्यांचा स्वतःच्या हातानं बांधला. एक बोट आत घालून बघितलं, घट्ट तर नाही. मग उठले. त्यांचा चेहरा मी नीट बघितला. पास झालेल्याच्या बापाचा तो नव्हता. कुत्रा कोंडीबाच्या पायाशी भाकरी खात होता, आबांकडे त्याची पाठ होती, आणि आबा कोंडीबाकडे बघत होते ते मला इतकं ओळखीचं होतं की मी नजर वळवली. चार महिने मी असाच बघत होतो.

परतीला आम्ही महामार्गाला लागलो. मग आबा मागून म्हणाले, "दात बगितलंस का त्या कोंडीबाचं? दोन हायती." मी म्हणालो, "आणि दुसऱ्याचे मोजतोय." आबा म्हणाले, "भाकरी करपीवली हुती तिनं." मी म्हणालो, "घोडा पण म्हातारा आहे." आबांना हे पटलं. त्यांनी मेंढरांच्या लोकरीला नावं ठेवली, मी खाटेला ठेवली. इतकं आम्ही कधी बोललो नव्हतो. मी मोजत नव्हतो, पण वीसच्या वर वाक्यं झाली असतील. मग मी विचारलं, गाडी चालवता चालवता, मागं न बघता बोलता येतं म्हणून, "नापास व्हावा असं वाटत होतं ना तुम्हाला?"

"त्यो पास हुनारच हुता," आबा म्हणाले. एक उसाची ट्रॉली गेली, ती जाईपर्यंत थांबले. "तू पळत हुतास तवा मातूर मी देवाला म्हनत हुतो, बसू दे ह्येला खाली."

मी गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवलं.

"आबा, मी नापास व्हावं म्हणून?"

"मी घरी आलो आन तू निगालास," आबा म्हणाले, जणू मी बसस्टँडवर त्यांची चुकामूक केली होती. "पाच नारळ बोललो."

"फोडले?"

"त्याच दिवशी सांजचं. तुला रस पाजला, मग गेलो. लय तान लागली हुती मला, तासभर कुंपनाला उबा राहून."

माझं वय, माझी वर्दी, माझी सहा वर्षं, माझी थर्माकोलची किल्ली. मला राग यायला हवा होता आणि तो येतही होता, लांबून, पण त्याच्या आधी दुसरं काहीतरी पोचलं आणि तेच मी विचारलं.

"आणि आज? ह्याच्यासाठी किती बोललात?"

आबांना प्रश्नच कळला नाही. "कुत्र्यासाठी कोन नारळ बोलतंय?" ते म्हणाले. "चल, ऊन व्हायलंय."

पाच विरुद्ध शून्य. मी गाडी रस्त्यावर घेतली. मला वाटलं आता आबा माझ्या खांद्यावर हात ठेवतील. तोल सांभाळायला का होईना. मी आरशात बघितलं. आबा मागं वळून बसले होते, मसूरच्या दिशेला, मान पार मोडेपर्यंत वळवून. खिळ्यांचा पट्टा मी मनात आणला नाही. मी हात लांब करून आरसा बाहेरच्या अंगाला फिरवला, त्यात नुसता ऊस येईपर्यंत, आणि गाडीचा वेग वाढवला, म्हणजे त्यांना धरावं लागेल.